रेडिओ लागतो, पण आपल्या गावचा लागत नाही

द्राक्षबाग (धागाकर्ता)

आमच्या अण्णांचा रेडिओ विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. वरून जाड प्लास्टिकची पिशवी आणि तिला बटणांच्या जागी दोन भोकं. फवारणीचं पाणी आत जाऊ नये, आणि हात ओले असले तरी आवाज वाढवता यावा, म्हणून ही सोय. तासगाव तालुका, अडीच एकर द्राक्षं. पहाटे मोटार आणि रेडिओ एकदमच सुरू होतात. मला कळतंय तेव्हापासून हाच क्रम आहे, रेडिओ मात्र चौथा.

ऑक्टोबरातली गोष्ट. फळछाटणी होऊन वीसेक दिवस झालेले, रात्रभर झिमझिम पाऊस. ज्यांच्याकडं द्राक्षं आहेत त्यांना सांगायला नको, या दिवसांतला पाऊस म्हणजे दावण्या रोगाला आवतण. अण्णांनी सहालाच ट्रॅक्टरला ब्लोअर जोडला होता. सात वाजता एका खाजगी एफएमवर (नाव लिहीत नाही) एक मुलगी लाडात येऊन म्हणाली, "काय रोमँटिक वेदर आहे ना! कोण कोण गरमागरम भजी खातंय, मला पटापट कळवा!" अण्णांनी ट्रॅक्टर बंद केला. म्हणाले, "हिला कळीव कुणीतरी. हितं घडकूज लागायची वेळ आलीया."

म्हटलं कळवूच. स्टेशनला फोन लावला. ज्यानं उचलला तो बिचारा जाहिरात विभागातला. म्हणाला, "मॅडम इथं नसतात सर. शो बाहेरून येतो. इथून फक्त जाहिराती लागतात." म्हणजे गेली तीन-चार वर्षं जी बाई आम्हाला रोज सकाळी "हॅलो सांगली" म्हणते, तिनं आयर्विन पूल बघितलाय की नाही देव जाणे.

सांगलीला आकाशवाणी १९६३ साली आली. १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा आमच्या घरात कुणाच्याही मोबाईल नंबरापेक्षा जास्त पाठ आहे. आजोबांनी सोसायटीचं कर्ज थकवलं, पण रेडिओचं लायसन्स दरसाल पोस्टात जाऊन भरलं. तो रेडिओ आमच्या बोलीत बोलायचा. आटपाडीचा डाळिंबवाला, जतचा मेंढपाळ, कुणीही येऊन बोलून जायचा. आता तिथंही बऱ्याच वेळा लावलं की दुसरीकडचंच काहीतरी सुरू असतं.

२०१९ च्या पुरात आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. माझी बहीण भिलवडीला, लाइट नाही, मोबाईलचे टॉवर बंद. तिच्या सासऱ्यांकडं सेलवरचा रेडिओ होता. कोयनेतून किती पाणी सोडलं ते त्यांना त्यावर कळत होतं. उद्या तसाच पूर आला आणि बोलणारं माणूसच गावात नसेल, तर?

तुमच्याकडं काय परिस्थिती आहे? जिल्ह्याच्या, तालुक्याच्या ठिकाणची स्टेशनं कोण चालवतंय, कोण ऐकतंय? लिहा.

---

मिरजमळा

+१. आमची आई अजून फर्माइशीच्या "आपली आवड"मध्ये नावं ऐकल्यासारखं करते. पूर्वी कसं, गाणं दीड कडवं आणि नावं पाच मिनिटं. "बुधगावहून अमुक, तमुक आणि त्यांचे समस्त मित्रमंडळ." आमच्या मामांचं नाव एकदा लागलं होतं, तर त्यांनी पेढे वाटले होते. पुढं लग्न ठरलं तेव्हाही इतके वाटले नाहीत.

---

खडूस_खानदेशी

दर सहा महिन्यांनी असा एक धागा निघतो. आधी पोस्टकार्ड गेलं म्हणून रडलो, मग तार गेली म्हणून, मग एसटीचा लाल डबा. आता रेडिओ.

मी रावेरकडचा. केळीचा भाव मला रेडिओवर कधीच वेळेत मिळाला नाही. संध्याकाळी "आजचे बाजारभाव" लागायचे तोवर व्यापारी माल भरून निघून गेलेला. आता बऱ्हाणपूरचा भाव व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी नऊला येतो, फोटोसकट. पाऊस मोबाईलवर. बातम्या हव्या तर आमच्या तालुक्यात चार यूट्यूब चॅनल आहेत. पोरं हातात माईक घेऊन ग्रामपंचायतीत घुसतात. तुमचा रेडिओ पन्नास वर्षांत कधी सरपंचाच्या दारात गेला का भो?

---

जुना_ट्रान्समीटर

या क्षेत्रात नोकरी केली, आता निवृत्त. धागाकर्त्यांनी यंत्र आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्यात, त्या सोडवतो.

मध्यम लहर, म्हणजे सांगलीचं ते १२५१, जमिनीला धरून जाते. डोंगर-दरी तिला फारशी अडवत नाही आणि रात्री तर ती आणखी लांब जाते. म्हणून जत, आटपाडी, पार मंगळवेढ्यापर्यंत सांगली लागायचं. एफएम सरळ रेषेत जातं. आवाज काचेसारखा स्वच्छ, पण मध्ये दंडोबाचा डोंगर आला की खरखर. मध्यम लहरीचे जुने ट्रान्समीटर आता परवडत नाहीत. वीज खातात, सुटे भाग मिळत नाहीत, मनोऱ्याला एकरांनी जागा लागते. देशभर बरेच बंद झाले. यात कुणाचा कट नाही.

त्याच्या जागी काय आलं ते बघा. २८ एप्रिल २०२३ ला एका दिवसात ९१ ठिकाणी एफएम ट्रान्समीटर सुरू झाले, प्रत्येकी १०० वॅटचे. १०० वॅट म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या दिव्याची ताकद. पंधराएक किलोमीटर जातं. जिथं काहीच नव्हतं तिथं काहीतरी आलं, हे चांगलंच. पण ती सगळी सहक्षेपण केंद्रं आहेत. खोली, मनोरा, डिश. माईक नाही! दुसरीकडचं घ्यायचं आणि पुढं ढकलायचं. त्याच वर्षाच्या जानेवारीत प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी २,५०० कोटींच्या वर रक्कम मंजूर झाली होती. त्यातून यंत्रं येतात. यंत्रासमोर बसणारं माणूस वेगळ्या खात्यातून येतं, आणि त्या खात्यात भरती नाही.

गंमत अशी की जिल्ह्याचा रेडिओ ही कल्पना सरकारचीच. १९८४ साली तमिळनाडूत नागरकोईलला पहिलं स्थानिक केंद्र निघालं. मग आपल्याकडं सातारा, बीड, नांदेड, धुळे, यवतमाळ, चंद्रपूर अशी जिल्हा केंद्रं आली. मोठ्या केंद्रानं राज्याचं बोलायचं आणि या केंद्रांनी जिल्ह्याचं, म्हणूनच ती काढली. आता त्यांनीच मोठ्या केंद्राचं पुढं ढकलायचं, म्हणजे उलटी गंगा.

खडूसराव, भावाच्या बाबतीत तुमचं खरं आहे. आम्हालाही ते कळत होतं. भाव बाजार समितीतून फोनवर यायचे, ते लिहून घेऊन मंजूर करून वाचेपर्यंत दिवस मावळायचा.

---

एकेकाळची_निवेदिका

लिहू की नको करत होते. केंद्राचं नाव लिहिणार नाही.

मी अकरा वर्षं नैमित्तिक उद्घोषक होते, आमच्या भाषेत "कॅज्युअल". महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या. सहाच, कारण त्याहून जास्त दिल्या तर उद्या कायम करा म्हणून कोर्टात जाल. बाहेर लोक म्हणायचे, "रेडिओवाल्या मॅडम." घरी यायचे ते सहा दिवसांचे पैसे.

पहिली सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, ५.५५ ला सुरू होते. मी तालुक्याच्या गावाहून यायचे. पहाटेची एसटी नाही, म्हणून आदल्या रात्रीच मुक्कामी. केंद्रात रात्री पहारेकरी, ट्रान्समीटरवर एक इंजिनिअर आणि मी. संकेतधून, वंदे मातरम्, मंगलध्वनी, मग माझा आवाज. त्या वेळी खिडकीबाहेर अजून अंधार असायचा, आणि आपण एका जिल्ह्याला उठवतोय असं वाटायचं. हसू नका, खरंच वाटायचं.

क्यू शीट हातात असायची. तिच्यावर सगळं मिनिटामिनिटाचं लिहिलेलं. पण शीटच्या बाहेरही थोडी जागा असते. दोन कार्यक्रमांच्या मध्ये चाळीस सेकंद उरली की गाण्याऐवजी मी सांगायचे, आज अमुक गावची यात्रा आहे, एसटी जादा गाड्या सोडतेय. वरिष्ठ कधी रागवायचे, कधी कानाडोळा करायचे. पुराच्या वर्षी तर आम्हाला शीटच नव्हती. लोकांचे फोन यायचे आणि एकच प्रश्न, "पुलाला किती फूट?" मी जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारून दर अर्ध्या तासाला आकडा वाचायचे. एका आजोबांनी विचारलं होतं, "बाई, तू घरी कशी जाणार?" मी तीन दिवस गेलेच नाही. टेबलावर झोपले.

मग हळूहळू शीटवर "सहक्षेपण" हा शब्द वाढत गेला. दुपारची सभा बाहेरची. मग रात्रीचे दोन तास. मग म्हणाले, कॉम्प्युटरवर यादी लावून ठेवली की झालं. कुणी काढून टाकलं नाही मला. ड्युट्या सहाच्या चार झाल्या, चाराच्या दोन, आणि एका महिन्यात पत्रच आलं नाही. आमच्याकडं असंच होतं, दार कुणी आपटत नाही.

२०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा आदेश निघाला होता, आठवतंय? सकाळी ७.१० च्या बातम्यांचा प्रश्न म्हणून पुण्यात ओरड झाली, पेपरांत आलं, आणि स्थगिती मिळाली. पुणं होतं म्हणून मिळाली. आमच्या केंद्राचे दोन तास गेले तेव्हा कुणाला कळलंसुद्धा नाही.

---

मिरजमळा

ताई, टेबलावर झोपलेलं वाचून काय लिहावं कळेना. तो आवाज आम्ही ऐकला असेल नसेल, पण धन्यवाद.

---

माजी_आरजे

धागाकर्त्यांच्या "रोमँटिक वेदर"वाल्या मुलीच्या बाजूनं दोन शब्द, कारण मी तेच काम केलंय. (कंपनी सांगणार नाही, अजून थोडे पैसे येणं आहेत.)

खाजगी एफएम २००१ पासून, पण आपल्या लहान शहरांत ते खऱ्या अर्थानं आलं २००६-०७ नंतर. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर, जळगाव, धुळे, अकोला, नांदेड. मी अशाच एका शहरात पहिल्या दिवसापासून होतो. आम्ही चौदा जण. चार आरजे, एक प्रोड्युसर, एक फक्त रस्त्यावर फिरून आवाज गोळा करणारा पोरगा. सराफ कट्ट्यावर जाऊन आम्ही लाइव्ह कार्यक्रम केलेत. भाजीवाल्या मावशींची नक्कल करायचो, त्यांनी स्टेशनवर येऊन मला झापलं, तेही प्रक्षेपित केलं. गाव आमच्यावर फिदा होतं.

पण पैसे कुठून येणार? परवान्याचं एकरकमी शुल्क, दरवर्षी ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के सरकारला, मनोऱ्याचं भाडं, गाण्यांची रॉयल्टी. हे सगळं ठरलेलं, मंदी असो की तेजी. उत्पन्न काय, तर दोन सराफ, तीन क्लासेस, एक साडीचं दुकान आणि दिवाळी. नोटाबंदीत एक धक्का, २०२० मध्ये दुसरा. लॉकडाऊनमध्ये दुकानंच बंद, जाहिरात कुणाची वाजवणार?

आणि नियमातच वाट होती. लहान शहरांत एकाच कंपनीच्या स्टेशनांना एकमेकांचा कार्यक्रम वापरायची सूट परवानेवाटपाच्या दुसऱ्या टप्प्यापासूनच होती, तिसऱ्या टप्प्यात ती देशभर मोकळी झाली. मग कुठलाही हिशेबनीस काय करेल? एका शहरात एक आरजे बसवायचा, त्याच्याकडून पाच शहरांचे "हॅलो अमुक" वेगवेगळे रेकॉर्ड करून घ्यायचे. शेवटच्या वर्षात मी हे स्वतः केलंय. सकाळी अकराला दुसऱ्या दिवशीची सकाळ बोलून टाकायची. "काय मस्त पाऊस" हे मी पाऊस न बघता म्हटलंय. एकदा एका शहरात मोठा अपघात झाला, लोक हळहळत होते, आणि माझा आदल्या दिवशीचा आवाज तिथं खिदळत होता. ते मला दोन दिवसांनी कळलं. त्यानंतर मन लागलं नाही.

खडूसदादांनी सरपंचाच्या दाराचं विचारलं म्हणून सांगतो. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला आजही बंदी आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, बस. पण प्रशासनाकडून आलेली माहिती चालते. हवामान, वाहतूक, लाइट कधी जाणार, पाणी कधी येणार, पूर, रोगराई, परीक्षेचे निकाल, हे सगळं "बातमी नाही" असं नियमच म्हणतो. म्हणजे धागाकर्त्यांच्या अण्णांना जे हवंय ते सांगायला कुणीच अडवलेलं नाही. अडवलंय पगारानं.

---

जुना_ट्रान्समीटर

@माजी_आरजे, यात एक तारीखही जोडा. जुनी बरीच स्टेशनं २०१५ ला तिसऱ्या टप्प्यात १५ वर्षांसाठी आली. म्हणजे २०३० ला मुदत. लहान शहरांतली त्यातली किती पुन्हा पैसे भरतील, माझा तरी भरवसा नाही.

---

लातूरचा_लिंबू

तुम्ही लोक खाजगी एफएम गेलं म्हणून रडताय, आमच्या लातूरला अजून आलंच नाही राव! ऑगस्ट २०२४ ला केंद्रानं २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, त्यात लातूर, उदगीर, बार्शी, मालेगाव, नंदुरबार, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया अशी आपली बरीच नावं आहेत. पेपरात वाचून आमचे मित्र आवाज कमावायला लागले होते. एकजण तर आरशासमोर "गुड मॉर्निंग उदगीर" म्हणायचा. वरचा प्रतिसाद त्याला दाखवू की नको?

---

माजी_आरजे

दाखवा. आणि त्याला म्हणावं, उदगीरमध्येच बसवणार का, हे आधी लेखी विचार.

---

माणदेशी_माती

तिसरा प्रकार सगळे विसरले, सामुदायिक रेडिओ. मी म्हसवडची, ता. माण, जि. सातारा. आमच्याकडं २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी आहे, ९०.४. मी तिथं कामाला नाही, ऐकणारी आहे.

हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सुप्रीम कोर्टानं १९९५ साली सांगितलं. ते कागदावरून गावात यायला बराच वेळ गेला. आधी २००२ ला फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी दिली, मग २००६ च्या शेवटी स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना. २००८ ला तेलंगणातल्या माचनूरला दलित बायकांनी चालवलेलं संगम रेडिओ सुरू झालं, आणि त्याच वर्षी आमचं. जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे, नगरला रेडिओ नगर, बारामतीला वसुंधरा वाहिनी.

फरक काय पडला ते सांगते. आमच्या गल्लीत एक म्हातारी आहे, जात्यावरच्या ओव्या म्हणणारी. सुनेला त्या ओव्यांचा वैताग. म्हातारी रेडिओवर जाऊन आली, आणि त्या दिवशी सुनेनंच शेजारच्या चार घरांत सांगितलं, आवाज मोठा करा. ओव्या त्याच. पण आपलं माणूस पेटीतून बोललं की त्याचं वजन वाढतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. धनगरांच्या गजी नाचातल्या ढोलांचं पण तसंच. मोठ्या केंद्रावर ते "लोकसंगीत" म्हणून पंधरा मिनिटं लागतं. इथं वाजवणाऱ्याच्या बापाचं नावसुद्धा ऐकणाऱ्याला माहीत असतं.

अडचणी भरपूर आहेत. ताकद १०० वॅटच, दहा-पंधरा किलोमीटर. स्वतःच्या बातम्या यांनाही नाहीत. जाहिराती आधी तासाला पाचच मिनिटं, मग सात, आणि २०२४ च्या नव्या नियमांत बारा. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ झाला. ऐकायला बरं वाटतं, पण सरकारी जाहिरातीचं बिल निघेपर्यंत माणदेशात पाऊस पडून जातो. (आमच्याकडं ही वेळ मोजायची पद्धत आहे.) देशभरात अशी पाचशेच्या आसपास स्टेशनं. एवढ्या मोठ्या देशात पाचशे म्हणजे किती, तुम्हीच बघा. संस्था भक्कम असेल तिथं चालतं. नुसत्या उत्साहावर काढलेली दोन-तीन वर्षांत थंड होतात.

---

एकेकाळची_निवेदिका

माणदेशी_माती, "आपलं माणूस पेटीतून बोललं की वजन वाढतं". अगदी. अकरा वर्षांत हे मला असं सांगता आलं नसतं.

---

सावंतवाडी_लोकल

आमच्याकडं कायम दोन रेडिओंचं भांडण. रत्नागिरी केंद्र आमचं, पण कान पणजीकडं. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग पट्ट्यात पणजी जास्त सुरेख लागायचं. तिथलं केंद्र पोर्तुगीजांच्या वेळचं, गोवा मुक्त झाल्यावर आकाशवाणीकडं आलं. कोंकणी, मराठी दोन्ही. आजी पणजीवर कोंकणी नाटक ऐकायची आणि मालवणीत शिव्या घालायची, "मेल्यांनो, अर्ध्यार थांबवतास कित्या!" आता मुलं गोव्याची खाजगी एफएम लावतात, तिथं हिंदी. आजीची सोय कुठंच राहिली नाही.

---

मिनियापोलिसकर

मूळचा इचलकरंजीचा, वीस वर्षं इकडं अमेरिकेत. पुराच्या मुद्द्यावरून इथली एक घटना सांगतो.

आमच्या शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यात मायनॉट नावाचं लहान गाव आहे. १९९६ च्या कायद्यानं इथं एका कंपनीनं देशभरात किती रेडिओ स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादा उठली, आणि मोठ्या कंपन्यांनी लहान गावांतली स्टेशनं धडाधड विकत घेतली. मायनॉटमधली सहाही व्यावसायिक स्टेशनं एकाच कंपनीकडं गेली. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर गावाजवळ मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग गावावर आला. घराबाहेर पडू नका, हे लोकांना सांगायचं होतं. पोलिसांनी स्टेशनला फोन केले, तर कुणी उचलेना. इशारा देणाऱ्या यंत्रणेतही घोळ झाला, आणि दोष कुणाचा यावर नंतर बरेच दिवस वाद चालला. एक माणूस दगावला, शेकडोंना त्रास झाला. गाणी मात्र चालू होती म्हणतात.

धागाकर्त्यांचा "बोलणारं माणूसच गावात नसेल तर" हा प्रश्न इथं तेव्हा संसदेपर्यंत गेला होता. स्टेशनं त्यानंतरही कंपन्यांकडंच राहिली, हेही सांगायला हवं.

---

खडूस_खानदेशी

बरं बाबा. एक कबुली देतो, पण पार्टी मागू नका.

एका जूनमध्ये वादळात आमच्या पट्ट्यातल्या केळीच्या बागा आडव्या झाल्या. लाइट दोन दिवस गेली. मोबाईल पहिल्या संध्याकाळी मेला. माझे चार यूट्यूब चॅनल, भावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, सगळं खिशात काळं पडलेलं. बापानं माळ्यावरून रेडिओ काढला. सेल सापडेनात, मग भिंतीवरच्या घड्याळातून काढून घातले. एकच बसला, दुसरा चिमुरड्याच्या खेळण्यातला.

लागलं काय? हिंदी गाणी. बाहेरून आलेली. वादळाचा व नाही. म्हणजे तुमचंही खरं आणि माझंही खरं. जो रेडिओ हवा होता तो त्या रात्री नव्हताच. आणि नवीन मोबाईलात एफएम बऱ्याचदा दिलेलंच नसतं. २०२३ ला सरकारनं कंपन्यांना द्या म्हणून सांगितलं होतं. माझ्या फोनमध्ये तर नाही बुवा.

---

जुना_ट्रान्समीटर

असेल तरी इयरफोनची वायर लावावी लागते, तीच अँटेना. आणि आता इयरफोनला वायर नसते. झालं!

---

द्राक्षबाग (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. माजी_आरजे, त्या मुलीवरचा माझा राग गेला, कंपनीवरचा राहू देतो.

निवेदिका ताईंना व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं की अण्णांसारख्या श्रोत्यानं करावं काय. त्या म्हणाल्या, फोन करून उपयोग नाही, फोनची नोंद राहत नाही. पत्र लिहा. पत्र आलं की ते आवक नोंदवहीत जातं, आणि पत्रांना उत्तरं द्यायच्या कार्यक्रमात वाचावं लागतं. दहा गावांतून एकाच मागणीची पत्रं आली तर ती फाईल होते, आणि फाईल झाली की ती वर जाते. "कार्यक्रम चांगला आहे" असलं लिहू नका, नेमकं काय हवं आणि किती वाजता ते लिहा.

अण्णांनी हे मनावर घेतलं. काल पोस्टात जाऊन ५० पैशांची दहा कार्डं आणली. पोस्टमास्तर म्हणे, "काय, रेडिओला का?" त्याला कसं कळलं विचारलं तर म्हणाला, दुसरं कोण लिहितंय आता. एक स्वतः लिहिलं, नऊ शेजारच्या बागायतदारांना वाटली. मजकूर असा: "ऑक्टोबर ते जानेवारी द्राक्षाचा रोगाचा अंदाज सकाळी सहाच्या आत सांगावा. साडेसातला सांगून उपयोग नाही, तोवर फवारा मारून झालेला असतो. आणि सांगणारा माणूस इकडचा असावा."

---

मिरजमळा

भारी! पिनकोड घातला ना? नाहीतर कार्ड सांगलीतल्या सांगलीत आठ दिवस फिरेल.

---

द्राक्षबाग (धागाकर्ता)

घातला. खाली जागा उरली होती तिथं अण्णांनी एक फर्माईशही लिहिलीय. घरातल्या सगळ्यांची नावं, मोटारीवरच्या गड्याचंही. मी म्हटलं, अण्णा, आता नावं वाचत नाहीत. म्हणाले, "लिहायला काय जातंय."

---

एकेकाळची_निवेदिका

गड्याचं नाव ठळक लिहिलंय ना? घाईत शेवटचं नाव वाचायचं राहतं. मी राहू द्यायची नाही, पण आता कोण बसतंय माहीत नाही.